बाराशे फेरे

आप्पा, परवा माझा कॉम्प्युटर बंद पडला, आणि तेव्हापासून तुमची जी आठवण येते आहे ती दोन दिवस झाले तरी हलत नाही. कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगत बसत नाही, तुम्ही होता तोवर कराडात तो कुणाच्या घरी नव्हता. माझ्यापुरता तो लिहायचा डबा. सकाळी बटण दाबलं तर काहीच होईना, पंखासुद्धा फिरेना. मागच्या जाळीला नाक लावलं आणि तो वास आला. जळक्या वार्निशचा. ह्यांनी म्हटलं, जुना झालाय, आता नवाच घेऊ. मी म्हटलं, सगळा गेलेला नाही, आतला वीज पुरवणारा डबा तेवढा जळालाय. गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणायचा तेच माझ्या तोंडात आलं होतं, ‘रेडिओ मेला न्हाई, त्येचं जेवान बंद झालंय.’ तो डबा आणायला मी इथं सांगलीत दुकानात गेले, आणि तिथं एका माणसानं मला एक साधा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाकडं मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी नऊ वर्षांची असल्यापासून तुमच्यापासून लपवली. त्या मावशींचा रेडिओ जळाला तो तारेमुळं नाही. माझ्यामुळं.

तुमचं दुकान मला अजून वासानं आठवतं. डिंक, सोल्डरचा डाग लावायची राळ, आणि गिऱ्हाइकांच्या घरांचे वास, कारण प्रत्येक रेडिओ आपापल्या घरचा धूर घेऊन यायचा. रेडिओला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर जळाला की बाकीचे मिस्त्री पुण्याहून नवा मागवायचे, तुम्ही तोच उकलायचा. जळकी तार एकेक फेरा सोडवत जायची, ओठातल्या ओठात मोजत, आणि जेवढे फेरे निघाले तेवढेच नव्या तारेचे घालायचे. कमी पडले तर तो तापून पुन्हा जळायचा. घालायचं काम हाताच्या यंत्रावर. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या दोन बोटांतून केसाएवढी तार सरळ सोडायची. दोन्ही हात आणि दोन्ही डोळे गुंतलेले, म्हणून मोजायला मी. शाळा सुटली की उपड्या खोक्यावर बसून मी मोजायचे, शंभर झाले की मोठ्यानं सांगायचे. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर वार्निशात बुडवून आईच्या चुलीच्या कडेला वाळायला ठेवला जायचा, आणि आई म्हणायची, आज भाकरीला रेडिओचा वास येतोय, कुणी बातम्या ऐकायच्या असतील तर खा.

वाळला की तुम्ही तो तळहातावर घेऊन तोलायचा, डोळे मिटून. तांबं किती, लोखंड किती, हे तुमच्या हाताला कळायचं. बाजारात नवी वस्तू घेतानाही तेच. दुकानदार किंमत सांगायला लागला की तुम्ही म्हणायचा, थांब, आधी हातात दे.

ते एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. डिसेंबरात आपल्याकडं थंडी, उसाच्या गाड्यांची कारखान्याकडं रांग, आणि संध्याकाळी जिथं रेडिओ असेल तिथं माणसं जमलेली. अशात त्या मावशी शिराळ्याकडच्या त्यांच्या गावातून एसटीनं आल्या. रेडिओ वाकळेत गुंडाळून मांडीवर घेऊन आल्या होत्या. एकुलता मुलगा फौजेत, आणि तो कुठल्या सीमेवर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गावात रेडिओ तेवढा एकच. तुम्ही ट्रान्सफॉर्मर उकललात, बाराशे फेरे निघाले. सांगलीचा तारवाला नुकताच स्वस्तातली तार देऊन गेला होता, ती यंत्रावर चढवलीत, आणि मला म्हणालात, मोज.

मी मोजत होते, आप्पा. सहाशेपर्यंत चोख मोजले. तेवढ्यात पलीकडच्या फळीवर दुरुस्त करून लावून ठेवलेला एक रेडिओ आपोआप बोलायला लागला. मुलांसाठी गोष्ट चालू होती. एक मुलगी विहिरीत आपली सावली शोधायला उतरते, आणि खाली तिला दुसऱ्याच कुणाची तरी सावली सापडते. ती सावली कुणाची हे कळायच्या आत बातम्यांसाठी गोष्ट थांबवली. मी भानावर आले तेव्हा दांडा फिरत होता आणि माझ्याकडं आकडाच नव्हता.

‘किती झालं गं?’ तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, ‘हजार.’

पुढचे दोनशे मी अगदी खणखणीत मोजले. मोठ्यानं, एकेक.

संध्याकाळी तुम्ही तो तळहातावर तोललात. डोळे उघडून म्हणालात, ‘जरा हलका लागतोय का गं?’ मी डाग लावायच्या कथलाकडं बघत राहिले. मावशींची शेवटची गाडी जायची होती, त्या दारात उभ्या होत्या, आणि लढाई चालू होती. तुम्ही बसवलात. रेडिओ बोलला, जरा जास्तच जोरात बोलला, आणि मावशींनी त्याच्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

आठव्या दिवशी त्या परत आल्या. वाकळ तीच. ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. रेडिओ तुमच्यापुढं ठेवून म्हणाल्या, ‘आवं मिस्त्री, समदं गाव माज्या दारात बसल्यालं, आन ह्यो ऐन टायमाला मुका झाला की वं. लढाई थांबली म्हनं. मला दुसऱ्या गावच्या मानसानं सांगितलं. तवर चार दीस मी डोळ्यांफुडं पोराचं काय काय बगितलं ते माजं मला म्हाईत.’ तुम्ही उठून उभे राहिलात. म्हणालात, ‘मावशी, तार हलकी लागली. चूक माजी हाय.’ आणि फळीवरचा आपल्या घरचा रेडिओ काढून त्यांच्या वाकळेत ठेवलात. त्या नको नको म्हणत होत्या, तुम्ही गाठ मारूनसुद्धा दिलीत. मी खोक्यावर बसून होते. तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द दोनच होते. पण तुम्ही तारेचं नाव घेतलं होतं, आणि ते इतकं पटण्यासारखं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

मावशींचा मुलगा सुखरूप आला. संक्रांतीच्या आसपास दोघं तुम्ही दिलेला रेडिओ परत करायला आली, बरोबर पोतंभर शेंगा. त्या शेंगा आपण होळीपर्यंत खाल्ल्या. मुलगा तुमच्याशी बराच वेळ रेडिओबद्दलच बोलत बसला. मावशी जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, ‘ही तुमची मोजनारी व्हय? लय गुनाची हाय.’ तुम्ही म्हणालात, ‘हाय की.’

त्या एका वाक्यावर माझा सगळा संसार उभा राहिला. ‘हाय की’वर नव्हे, त्याआधीच्या तुमच्या वाक्यावर. तार हलकी लागली. स्वस्तातलं घेतलं की कुणाची तरी आई चार दिवस जीव मुठीत धरून बसते, असं माझ्या मनानं घेतलं. लग्न होऊन सांगलीला आल्यावर छत्री घेतली तर महागातली, कुकर घेतला तर महागातला. सासूबाई म्हणायच्या, हिला भाजीवाल्यानं सांगितलं की ही मेथी महाग आहे, तर ही दोन जुड्या जास्त घेईल. मी हसायचे. त्यांना कुठं माहीत होतं की खरं काय झालं होतं. आणि गंमत अशी की मलाच माहीत होतं, तरी मी तारेलाच दोष देत आले.

तर परवाचं दुकान. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. जळालेला डबा त्यानं बघितला आणि म्हणाला, ‘एसएमपीएस उडालाय ताई.’ माझ्यापुढं तीन खोकी ठेवली, स्वस्त, मधलं आणि भारी. मी भारीतल्याकडं हात केला, पण सवयीनं आधी तिन्ही डबे तळहातावर तोलून बघितले. सगळ्यात स्वस्त तोच सगळ्यात जड लागला. मी चकित झाले. तो हसायला लागला. काउंटरखालून तसाच स्वस्तातला एक मेलेला डबा काढला, वरचं झाकण काढून माझ्यापुढं धरला. आत, आप्पा, एक लोखंडाची पट्टी स्क्रूनं बसवलेली होती. कशालाच जोडलेली नव्हती. ‘लोकं हातात तोलून घेत्यात की ओ,’ तो म्हणाला, ‘म्हणून वजनाला घातलीया.’ तुमच्यासारखी तोलणारी माणसं अजून आहेत आणि त्यांना फसवण्यासाठी कुणीतरी लोखंड कापत बसलं आहे, हे बघून मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली. तुम्ही ती पट्टी काढून घेतली असती, दाराला खिटी म्हणून लावली असती.

मी म्हटलं, मग भारीच द्या. तो म्हणाला, ‘कशाला? तुमचं काम लिहायचं. एवढा भार तुमचा कॉम्प्युटर ओढतोय कुठं? मधला घ्या. आत तांबं बरं हाय, मी स्वतः उघडून बघितलाय. भारीतले निम्मे पैसे खोक्याच्या चित्राला जात्यात.’ मला ते पटेना. मी त्याला सांगितलं की आमचे वडील कराडात रेडिओ दुरुस्त करायचे, एकदा स्वस्तातली तार वापरली आणि ऐन लढाईत एका बाईचा रेडिओ जळाला. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. कारागीर माणूस, त्याला त्यात रस वाटला. त्यानं सहज विचारलं, ‘मग नंतर कुठली तार लावली त्यांनी?’

मी म्हटलं, ‘तीच.’

आणि माझ्याच कानांनी मी ते ऐकलं.

तीच, आप्पा. सांगलीचा तारवाला पुढच्या खेपेला आला तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजलात, त्याच्या टोपीची थट्टा केलीत आणि त्याच तारेची आणखी दोन रिळं घेतलीत. त्याला एका शब्दानं बोलला नाहीत. मी तेव्हा खोक्यावर बसून होते. मला वाटलं होतं, चांगली तार आपल्याला परवडत नसेल. मावशी गेल्यावर तुम्ही त्यांचा ट्रान्सफॉर्मर परत उकलत होता, तेव्हा तुमचे ओठ हलत होते. मला वाटलं, तारवाल्याला शिव्या देताय. उकलताना तुम्ही दर वेळी मोजायचा, हे मला माहीत नव्हतं का? तुम्ही मोजत होता. बाराशेच्या जागी हजार निघाले असतील, साडेनऊशे निघाले असतील, जेवढे निघाले तेवढा आकडा तुम्हाला त्याच संध्याकाळी कळला होता.

आणि चिंचोके. त्याच आठवड्यात तुम्ही घरून एक वाटी आणि मूठभर चिंचोके आणलेत. मला काढून टाकाल असं वाटत होतं, पण तुम्ही माझं खोकं पुन्हा यंत्राशेजारी ओढलंत आणि म्हणालात, ‘शंभर झालं की वाटीत एक टाकायचा. मग मन कुठं का फिरंना, चिंचोकं जाग्यावर ऱ्हात्यात.’ हे वाक्य मी कितीदा तरी लोकांना सांगितलं आहे. लिहिण्याबद्दल बोलायला बोलावलं की हमखास सांगते, आमचे वडील असं म्हणायचे, आणि लोक माना डोलावतात. तुम्ही ते कुणाला आणि कशासाठी म्हणाला होता, हे मला समजायला एसएमपीएस जळावा लागला.

दुकानात माझे डोळे भरून आले तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं, किमतीमुळं. म्हणाला, ताई, थोडं कमी करतो. मी नको म्हटलं. मधला घेतला. घरी येऊन स्वतः बसवला, चार स्क्रू आणि एकात एक जाणाऱ्या वायरी, तुमच्या कामापुढं काहीच नाही. बटण दाबलं, पंखा फिरला. ह्यांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, मिस्त्रीणबाई, चहा मिळेल का. मी बराच वेळ नुसती तो बारीक आवाज ऐकत बसले. फार बरं वाटत होतं, अजून वाटतं आहे. माझी चूक तुम्हाला माहीत होती आणि तरी मावशींना तुम्ही ‘हाय की’ म्हणालात. मी आयुष्यभर जी कबुली तुमच्यासाठी जपून ठेवली होती ती तुम्ही फार आधी, मी न देताच, घेऊन ठेवली होती.

त्यामुळं आता हे पत्र कुठं धाडायची तशी गरजही राहिलेली नाही. ह्याच डब्यावर लिहिलंय, इथंच राहील. पण लिहायला बसलेच आहे तर एक नवीन सांगून टाकते. मघाशी डाळीचा कुकर लावून मी इकडं आले होते. ह्यांनी आतून विचारलं, शिट्ट्या किती झाल्या. मी म्हटलं, चार. मोजल्या नव्हत्या. जेवताना डाळ दाताखाली करकर वाजली. हे माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, डाळ हलकी लागली.