कॉलिनचा पुतळा

रविवार, २१ सप्टेंबर

गेले शेवटी. विनय गेल्यावर पहिल्यांदाच व्हिलेज हॉलमध्ये पाऊल टाकलं. बॉनफायर कमिटीची, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या होळीची मीटिंग. मला बघून जो तो "मधू, चहा?" विचारायला लागला. कॉलिन अजूनही अध्यक्ष. त्याने कामं वाटली. जाळायचा पुतळा कोण करणार? मी हात वर केला.

सगळ्यांना बरं वाटलं. बिचारी घराबाहेर पडतेय – असं.

वाटू दे.

सोमवार, २२ सप्टेंबर

मागच्या वर्षीचंच डोळ्यांसमोर येतंय. वर्षानुवर्षं आमच्या गावची होळी विनयच पेटवायचा. स्ट्रोकनंतर हात थरथरायचा, तरी मशाल घेऊन उभा राहिला. आणि कॉलिनने माईकवर "आज जरा स्टेडी हात बघू या" म्हणत ती त्याच्या हातातून काढून घेतली. सगळं मैदान हसलं. विनयही हसला. ते हसू मी विसरणार नाही. नंतर तो फारसा बाहेर पडलाच नाही. मार्चमध्ये गेला.

कॉलिन फ्युनरलला आला होता. मी हात मिळवला नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

इथे या पुतळ्याला इंग्रजीत 'गाय' (guy) म्हणतात. गाय जाळतात हे पहिल्यांदा ऐकून मी दचकले होते, विनय दिवसभर हसत होता.

पोत्यात पेंढा भरला. कॉव्हेंट्रीच्या चॅरिटी शॉपमध्ये कॉलिनसारखीच हिरवी टोपी मिळाली. तारेचा चष्मा. पांढऱ्या लोकरीची दाढी. पोट जरा जास्तच भरलं.

पिनरहून वरदाचा फोन. धाकटी बहीण, तिला सांगून बसले. म्हणाली, "ताई, भावोजींना आवडलं असतं का हे?"

फोन ठेवला. त्याला काय आवडलं असतं ते मला माहीत आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

झाला. हुबेहूब. खुर्चीत बसवून तोंडाला येईल ते बोलले त्याला. मराठीत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पुतळा चादरीत गुंडाळून नेला. लाकडांवर चढवल्यावरच चादर काढायला लावली. आधी थोडे हसले. मग हसणं थांबलं. सगळे पुतळ्याकडे बघतायत, मग कॉलिनकडे. त्याची बायको जीन तरातरा माझ्याकडे यायला निघाली, त्याने तिचा दंड धरला. वाटलं, आता माईकवर काहीतरी बोलणार. बोलला नाही. मशाल घेतली आणि स्वतःच पुतळ्याखाली लावली.

दाढीने आधी पेट घेतला. फटाके सुरू झाले तरी मी वर पाहिलं नाही. पुतळा पडेपर्यंत जागची हलले नाही.

घरी येऊन वरणभात केला. पोटभर जेवले. कित्येक महिन्यांनी.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी जीन आली. आत ये म्हटलं, दारातच उभी राहिली. कॉलिनने तिला सांगायला बंदी घातली होती, पण आता तिला राहवेना. मागच्या वर्षी होळीच्या दुपारी विनय त्यांच्याकडे गेला होता. मशाल धरवत नाही म्हणाला, पुढे लहान मुलं असतात, भीती वाटते. आणि कॉलिनला म्हणाला, "मधूसमोर मला माघार घेता येणार नाही. तूच काढून घे माझ्या हातातून. लोक हसतील असं काहीतरी बोल."