करकर डावीकडून येते

६ ऑगस्ट, बुधवार
गाडीचे पुढचे ब्रेक महिनाभर करकरताहेत. गॅरेजवाला म्हणाला, पॅड पार झिजलेत, ठेवून जा, संध्याकाळी न्या. हे सगळं पान्ह्यावरची नजर न उचलता! तिथल्या तिथे त्याला परावलंबनावर चार शब्द सुनावले. ज्या समाजाला आपली गाडी आपण थांबवता येत नाही, तो कुठे जाऊन आदळणार? निर्धार केला. पॅड मीच बदलणार. घरी. या दोन हातांनी.

सोमवारी बायको मुख्याध्यापिका म्हणून रुजू होतेय. उपमुख्याध्यापिका म्हणून उभी हयात गेली बिचारीची. शाळा घाटापलीकडे, तिकडे बस जात नाही. तिनं विचारलं, उतारावर गाडी थांबेल ना? मी म्हटलं, अगं, शब्द देतो. ती म्हणाली, अहो, शब्दांची टंचाई या घरात कधीच नव्हती.
कौतुक तिच्या तोंडून क्वचितच येतं.

७ ऑगस्ट, गुरुवार
हत्यारं आणली. जॅक, स्टँड, टॉर्क रेंच, पिस्टन मागे दाबायचं यंत्र, तारेचा ब्रश. सगळी दिवाणखान्यात मांडली. योग्य हत्यार म्हणजे अर्धी लढाई. उरलेल्या अर्ध्या लढाईसाठी हातमोजे घेतले.

८ ऑगस्ट, शुक्रवार
प्रत्यक्ष काम नाही. टॉर्क रेंचचा अभ्यास. नट हवा तेवढा आवळला की हा रेंच स्वतःहून ‘टक’ म्हणतो आणि गप्प बसतो. इतका शिस्तीचा कार्यकर्ता मला कुठल्याही चळवळीत भेटला नाही. बायकोनं विचारलं, काम कधी? म्हटलं, उद्या. पहाटे.

९ ऑगस्ट, शनिवार
सकाळी ऊन फार.
संध्याकाळी ऊन उतरलं, पण मग उजेड कुठला?

१० ऑगस्ट, रविवार, सकाळ
प्रारंभ! गाडी जॅकवर उचलली, नटाला पान्हा लावला, जोर केला, तर चाकच गरागरा फिरायला लागलं. व्यवस्था अशीच असते. तुम्ही तिला बदलायला जाता, ती तुमच्याबरोबर फिरते. शेजारचे रिटायर्ड साहेब गॅलरीतून ओरडले, अहो, गाडी खाली घ्या, नट ढिले करा, मग उचला! म्हटलं, तेच करणार होतो. तुम्ही मध्ये बोललात.

दुपार
डावं चाक निघालं. जुने पॅड इतके झिजलेले की दोन्हीकडून नुसतं लोखंड. आतली बाजू कुठली, पत्ता नाही. नव्यांच्या खोक्यात पत्रक होतं. मी आयुष्यभर पत्रकं काढली, वाचली नाहीत. बुद्धी चालवली. पॅडची एक बाजू गुळगुळीत पोलादी, दुसरी काळी, खरबरीत. पॅड जिला दोन्हीकडून धरतात ती डिस्कची तबकडी गुळगुळीत पोलादी. म्हणजे उघड आहे. पोलादाला पोलादच भिडलं पाहिजे! काळी बाजू मागे वळवून पॅड बसवले. टक.

साहेब खुर्ची घेऊन खाली आले होते. त्यांना स्वावलंबन मुळापासून समजावून सांगितलं. मध्येच ते उठून गेले, पण खुर्ची तिथेच होती, म्हणून मी थांबलो नाही. समारोप करून वळतो, तर उजवं चाकही बसलेलं आणि बायको हात पुसतेय. पत्रक गाडीच्या टपावर. म्हणाली, तुमचं संपेपर्यंत इंजिनसुद्धा उतरवून झालं असतं.
श्रेयाचा वाद मी घालत नाही. वातावरण माझं होतं.

संध्याकाळ
बायकोनं पेडल दाबून दाबून घट्ट करून घेतलं. मग पार्किंगमध्ये चाचणी. ब्रेक दाबला आणि डावीकडून अशी किंकाळी उठली की वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडायला लागलं. मी सगळ्यांना सांगितलं, नवे पॅड आहेत, रुळेपर्यंत कुरकुरणारच. मला खरी काळजी उजव्या बाजूची. तिथून चकार शब्द नाही! बायकोला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हटलं, तुझं काम थोडं ढिलं राहिलंय गं.

तिनं माझं चाक काढलं. मग म्हणाली, अहो, पॅड उलटे आहेत. म्हटलं, हा दृष्टिकोनाचा प्रश्न आहे. तिनं माझं बोट धरून डिस्कवरून फिरवलं. नांगरल्यासारखे चरे. ही डिस्कच बदलावी लागणार, म्हणाली, अशी गाडी मी घाटात नेणार नाही.

मग ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. हात काळे, म्हणून डोळेही पुसता येईनात. भांडली असती तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती.

११ ऑगस्ट, सोमवार
गॅरेजवाल्याचा ट्रक आला. आपली गाडी मागे अडकवलेली, पुढची चाकं वर, शरण आल्यासारखी. बायको कडक इस्त्रीच्या कपड्यांत ड्रायव्हरशेजारी चढून बसली. आधी शाळा, मग गॅरेज, असं तिनंच त्याला बजावलं. म्हटलं, मीही येतो, रुजू होण्याच्या प्रसंगी दोन शब्द बोलतो. जागा नाही, म्हणाली.
जागा होती. मी पाहिली.

संध्याकाळी ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, ट्रकमधून मुख्याध्यापिका उतरताना पाहून पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या मला कधी... असो. प्रसंगाची मांडणी मुळात माझीच.

१२ ऑगस्ट, मंगळवार
गाडी दुरुस्त होऊन आली. बायकोच घेऊन आली. फाटकातून वेगात शिरली ती थेट माझ्या दिशेनं. मी हललो नाही. विश्वास म्हणून. माझा पाय उचललाच गेला नाही हेही खरं. गाडी माझ्या चपलांपासून वीतभरावर थांबली. करकर नाही, कुरकुर नाही, काही नाही.
मी खिडकीशी गेलो. म्हटलं, बघ, शब्द दिला होता की नाही? मूळ प्रश्न ब्रेकचा नव्हताच, मूळ प्रश्न असा आहे की...
बायकोनं काच वर घेतली.