मामा वाट चुकावा म्हणून

२ मे १९७३, बुधवार
नात विजयमाला सातवीत पहिली आली. गुरुजींनी तिला बक्षीस म्हणून पुस्तक दिलं. तिच्या जुन्या वहीत पानं उरली होती. म्हटलं विजे, तू तुझं वाच, मी माझं लिहिते. म्हणजे मी सांगते आणि ती लिहिते. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. तेवढं चालवून घ्यायचं. ही वही कुणी वाचायची नाही. मला वाचताच येत नाही, तेव्हा माझ्याकडून धोका नाही.
ठराव : त्या पुस्तकाकडे ढुंकून बघायचं नाही.

३ मे
पहिलं पान ऐकलं. मुद्दाम नाही, कान उघडे होते.
पहिल्याच पानावर आजी मेली. तापानं. एका ओळीत. ना कुणी तोंडात पाणी घातलं, ना कुणी रडलं. दुसऱ्या ओळीला तेरा वर्षांची नात कंदील घेऊन डोंगराकडे निघाली. कशाला, तर राक्षसानं गावातलं चांदणं चोरून नेलं म्हणून. मी विचारलं, विजे, दहावा तरी घातला का गं? तर म्हणाली, आजे, गोष्ट म्होरं जायला नको का?
हे लिहिणाऱ्याला आजी नसणार. असली तर तिनं त्याला घराबाहेर काढला असणार.

५ मे, दुपार
आज पंखांचा घोडा. आमचे मालक तीस वर्षं घोडेगावच्या बाजारात जनावरं नेत होते, त्यामुळे मला यातलं कळतं. खोगिराचा पट्टा पोटाखालून घ्यायचा तर तो पंखात अडकणार. पुस्तकात पट्ट्याचं नावच नाही. त्या पोरीनं दात बघितले नाहीत, चालवून बघितला नाही, बसली ती बसलीच. असली गिऱ्हाइकं बाजारात आली की व्यापारी पेढे वाटतात.
खातो काय, विचारलं. विजी म्हणाली, लिहिलेलं नाही. यंदा कडब्याची पेंढी बघायला मिळत नाही आणि हा न खाता उडतो. असला एक माझ्या लेकाला, सहादेवाला पाहिजे.

८ मे
कासव बोलतं. साफ खोटं. माझ्या गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असतो, ते वेगळं. ते मला माझ्या आजीनं सांगितलेलं आहे.
पुढं चेटकीण आली. केस पांढरे, पाठ वाकलेली, तोंडात दोन दात. वाचता वाचता विजी माझ्याकडं बघून थांबली. मी म्हटलं, वाच की. मला चार आहेत.

११ मे
लेक सहादेव आणि सून मालन दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतात. घरात मी, विजी आणि ते पुस्तक. पोरगी भर दुपारी वाचत बसते. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. छापखान्यालाच तेवढं माहीत नाही.
हुकूम : दिवे लागल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. धान्याची कणगी रिकामीच आहे, तिच्यात टाकलं.

१४ मे
सहादेवानं चहा प्यायला बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी ठरवून झालंय. म्हणाला, आये, इथली शाळा सातवीलाच संपती. विजीला देवळालीला धाडायचं म्हनतोय. देवळाली प्रवराला विजीचा मामा असतो, मालनचा भाऊ, सूर्यभान. तिकडं कालवा आहे, ऊस आहे, मोठी शाळा आहे. घोडेगावचा बाजार करून तो येणार आणि पोरीला घेऊन जाणार.
मी म्हटलं, जाईना का. मला काय त्याचं.
जन्मल्यापासून ती माझ्या वाकळीत झोपते. चहा फार गोड होता. प्याले नाही.

१५ मे, दुपार
पुस्तक कणगीतून काढलं. दिवसाच वाचून घ्यायचं ठरवलं आहे. निव्वळ चुका काढायला. उजेडात चुका चांगल्या दिसतात.
आता पुढचं विजीनं लिहायचं, पण कान बंद ठेवून. मामा म्हणजे कोण? सूर्यभान. वाट कुठली? इकडची. बस्स.
विजीला यातलं काही कळलेलं नाही.

१८ मे
पुस्तक पुरतं वाचून झालं, पुन्हा पहिल्यापासून लावलं. ठीक बारा वाजता उंबऱ्यात बसून वाचायला सांगते, आवाज रस्त्याकडे करून. शेजारची छबूबाई म्हणाली, म्हातारपणी शाळा धरली का काय? मी म्हटलं, तुला न्हाई कळायचं ते.
पुस्तक भिकार आहे. राक्षसाच्या घरात सोन्याचे खांब, पण चूल कुठं ते सांगत नाही.

२२ मे
बाजार होऊन गेला. सूर्यभान आला नाही! मालन काळजीत. मी म्हटलं, वाट चुकला असेल. तर म्हणाली, आत्याबाई, चौदा वर्सं येतोय तो, डोळं झाकून यील. मी मनात म्हटलं, ज्याचं काम त्यालाच माहीत.

२९ मे
कार्ड आलं. विजीनं वाचलं. सूर्यभानानं बाजारात बैल घेतला, तो नेवाशाजवळ लंगडायला लागला, म्हणून तो तिथूनच घरी गेला. आम्ही कुठं, नेवासा कुठं. चुकलाच की वाट! जूनमध्ये येतो म्हणतो.
मात्रा वाढवली. आता सकाळीही वाचन. विजीचा घसा बसला, खडीसाखर दिली. तिला अर्धं पुस्तक पाठ झालंय. उखळावर चढून ती राक्षसाला आव्हान देते. मी खालून राक्षस होते. दुसरं कुणी नाही म्हणून.

१ जून
त्या पुस्तकातली सगळ्यात वाईट गोष्ट आज सापडली. ती पोरगी कुणाला विचारतच नाही! कुणी न्यायला येईल म्हणून बसून राहत नाही. डोंगर दिसला की चढली, नदी दिसली की उतरली. अशी पोर ज्या घरात असेल त्या घराचं काय व्हायचं? विजीला लाज वाटावी म्हणून तेवढा भाग सात वेळा वाचायला लावला. चांगलं ठसलं असणार.

६ जून
दुसरं कार्ड. लंगड्या बैलानं सूर्यभानाच्या पायावर पाय दिला. पाय सुजलाय, येता येत नाही. तेरा तारखेला शाळा उघडते. म्हणजे संपलं!
पायाचं मी म्हटलं नव्हतं. मी नुसतं वाटेचं म्हटलं होतं. तरी ग्रामदेवीला नारळ बोलले, त्याच्या पायासाठी. बारका.
मालन रडली. मी तिला म्हटलं, नशिबात नसंल. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आज मला बरी लागली.

९ जून
जेवताना विजी बापाला म्हणाली, मामा येत न्हाई तर मीच जाते. राहुरीची यष्टी हाय की. इथं तुमी बसवा, तिथं मामी उभी राहील.
मी म्हटलं, एकटी पोर? कवा कुठं गेलीस गं तू? म्हणाली, आजे, तिला तर यष्टीबी नव्हती.
सहादेव हसला. त्यानं हसायला नको होतं.
मग मी तिला बाजूला घेऊन समजावलं. मामाचं असं दोनदा झालं, अपशकुन आहे, दिवसा गोष्ट वाचली की असंच होतं. तर म्हणते, ठावं हाय आजे. मीच ल्हिलंय की.
कान बंद ठेव म्हणून सांगितलं होतं. आजकाल कुणी ऐकत नाही.
आता शेवटचा डाव. ही पोर माझ्याशिवाय कधी ओढ्यापलीकडे राहिलेली नाही. गाडीच्या पायरीवर पाय ठेवला की रडेल. तिला मी ओळखते. मी फक्त उभं राहायचं. एक शब्द बोलायचा नाही.

१२ जून, मंगळवार
आज मालन लिहिते आहे. तिला सावकाश लागतं.
सकाळी स्टँडवर गेलो. सगळं माझ्या मनासारखं झालं. विजीनं पायरीवर पाय ठेवला आणि काढला. खाली आली, माझा पदर धरला आणि म्हणाली, आजे, मी न्हाई जात.
सहादेव माझ्याकडं बघतो. मालन माझ्याकडं बघते. मालन आता मान हलवते आहे, म्हणजे खरंच बघत होती. मी नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी महिनाभर दुपारची झोप मोडली. ते ‘बरं’ अगदी ओठांवर आलं होतं.
मी म्हणाले, चढ गं म्होरं, खिडकीची जागा जाईल.
चूक कंडक्टरची. त्यानं डबल बेल मारायची घाई केली. माणसाला घाईत काहीही सुचतं. त्याची तक्रार करायची आहे. मालनला म्हटलं, हेही लिही. ती म्हणाली, आत्याबाई, बेल नंतर वाजली. मी म्हटलं, तू लिही.
जाताना विजीनं हात केला म्हणतात. मी बघितलं नाही. मी तिला जागा कशी मिळाली ते बघत होते. चांगली मिळाली. तिसरी खिडकी, ऊन न लागणारी.