रविवारची मुदत सोमवारी

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची चरित्रं लिहितात तेव्हा असला कच्चा माल लागतो.
वाकोल्यातल्या आमच्या ओट्यावर उद्यापासून माझा क्लास: लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पूर्वतयारी. सव्वीस वर्षं कोर्टाबाहेर टेबल टाकून ॲफिडेव्हिट टाइप करतोय. नामांकित वकिलांचं स्पेलिंग मी सुधारलेलं आहे. ल्युसीने विचारलं, तू स्वतः कधी लॉ केलंस? बायकोला उत्तर देत बसलो तर क्लास कधी चालवू?
फक्त इथे लिहून ठेवतो. यंदा मीही सीईटी दिली. वय चोपन्न. कोणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी मी पहिल्या बाकावर दिसलो की विद्यार्थी गार पडतील. प्रोफेसर बहुधा मलाच शिकवायला सांगतील. काळा कोट शिवायला टाकला.

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.
आठ येणार होते, दोन आले. क्वालिटी बॅच.
एक ग्लेनरॉय, माझ्या बहिणीचा, एलेनचा मुलगा. लॉच्या प्रवेशाचा हा तिसरा प्रयत्न. एलेनने बजावलंय, यंदा नाही झालं तर बस झालं, एअरपोर्टवर कार्गोला लागायचं. दुसरी चेतना, मानखुर्दहून येते. मेडिकलच्या काउंटरवर नोकरी, शिक्षणात चार वर्षांची गॅप. इंग्रजी अडखळत. प्रश्न फार. हिचं अवघड आहे.

६ ऑगस्ट, बुधवार.
चेतनाने विचारलं, सर, दुकानात बाटली मांडून ठेवली तर ती करारातली ऑफर होते का? मी म्हटलं, हे पुढच्या वर्षाला आहे, आत्ता डोकं चालवू नकोस. नंतर पुस्तक बघितलं. पहिल्या वर्षालाच निघालं, तेही सुरुवातीला. पुस्तकाची मांडणी चुकली आहे.

९ ऑगस्ट, शनिवार.
संकल्प: रोज एक तास वाचन. उद्यापासून.
आज चेतनाला उभं करून इंग्रजीत युक्तिवाद करायला लावला. तिसऱ्या वाक्याला अडकली. मी म्हटलं, काळा कोट सगळ्यांना शोभत नाही गं, काउंटरच बरा तुला. ग्लेनरॉय हसला. तिचे डोळे भरले. कोर्टात याहून वाईट ऐकावं लागतं, म्हणजे मी उपकारच केले.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
यादी लागली! तिघांनाही एकच कॉलेज. ते दोघं आपापलीच नावं बघतात, माझं कोणी पाहिलं नाही. झकास. मूळ कागद घेऊन कॉलेजात प्रवेश पक्का करायचा. मुदत रविवार, १७ तारीख, संध्याकाळी पाच. नाही गेलं तर जागा दुसऱ्याला.

१३ ऑगस्ट, बुधवार.
आजचं लेक्चर ऐतिहासिक. शिकवलं की मुदतीचा शेवटचा दिवस रविवार आला तर काम सोमवारी केलं तरी चालतं. सव्वीस वर्षं कोर्टात हेच बघतोय. म्हणून आपण रुबाबात सोमवारी जायचं. गर्दीत ताटकळतात ते अशील.
चेतना म्हणाली, पण सर, कॉलेज रविवारी चालू ठेवणारेत, पोर्टलवर तसं लिहिलंय. मी विचारलं, पोर्टल मोठं की कायदा? वहीत वीस वेळा लिहायला लावलं, मी घाई करणार नाही. तिने लिहिलं. अक्षर मात्र सुंदर.
ग्लेनरॉयने आज पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी लिहून घेतलं. माझा रविवारचा नियम. भरून आलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
कोट आला. पोटावर जरा घट्ट. शिंप्याचा दोष. चेतना गैरहजर, कारण कळवलं नाही. मनाने तयारी सोडली असणार. सांगितलंच होतं.

१७ ऑगस्ट, रविवार. दुपारी ३.
ग्लेनरॉयचा फोन. मामा, सगळे आज करून घेतायत रे, वाट लागेल ना, मी जाऊन येऊ का? चार वाक्यं सुनावली. भित्र्यांनी वकील होऊ नये. मामावर विश्वास आहे की नाही? म्हणाला, आहे. मग झोप म्हटलं.

१८ ऑगस्ट, सोमवार.
सकाळी साडेदहाला कोट घालून ग्लेनरॉयसह कॉलेजात. शिपायाने सलाम केला. इथपर्यंत सगळं उत्तम.
क्लार्क म्हणाली, जागा गेल्या. मी नियम सांगितला. ती म्हणाली, अंकल, ऑफिस बंद असेल तर सोमवार. आम्ही काल पाचपर्यंत इथेच बसलो होतो.
हा मुद्दा माझ्यापुढे आलाच नव्हता. म्हणजे चेतनाने मांडला होता, पण रीतसर नाही.
तिथेच बसून आठ पानी अर्ज लिहिला. सोबत दोघांचे कागद जोडले. क्लार्कने वाचलाही नाही, पुढच्या वर्षी या म्हणाली.
ग्लेनरॉय माझी मार्कशीट बघत राहिला. रिक्षात एवढंच विचारलं, मामा, तुझं पण नाव होतं? मी हो म्हटलं. वाटलं होतं, त्याला जरा बरं वाटेल. 

२३ ऑगस्ट, शनिवार.
ग्लेनरॉय कार्गोला लागला. एलेनने ल्युसीला सांगितलं, माझ्या मुलाने एकदाच कोणाचं तरी ऐकलं, तेही तुझ्या नवऱ्याचं. ल्युसीने शब्द न शब्द मला ऐकवला. एलेन पहिल्यापासून तापटच. क्लास तूर्त स्थगित.

१ सप्टेंबर, सोमवार.
कॉलेज सुरू झालं. दुपारी टेबलापाशी चेतना, सोबत वर्गातल्या दोन मुली. रॅगिंग करणार नाही म्हणून लिहून द्यायचं ॲफिडेव्हिट हवं होतं. मुलींना म्हणाली, हे आमचे सर. मी विचारलं, प्रवेश कधी घेतलास? म्हणाली, गुरुवारीच, सर. तुमचं लेक्चर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी.
कॉम्प्युटरमध्ये नमुना तयारच होता. हिला माझ्याशिवाय चालत नाही, या आनंदात तसाच छापून दिला. सही करणार तेवढ्यात थांबली. म्हणाली, सही करण्याआधी वाचायचं, हे तुम्हीच शिकवलंत. आणि वाचू लागली, मोठ्याने, इंग्रजीत, न अडखळता. मी, ऑगस्टीन परेरा, वय चोपन्न, विद्यार्थी, प्रथम वर्ष.
नमुना मी जुलैमध्येच माझ्यासाठी करून ठेवला होता.
त्या दोघी हसायला लागल्या. चेतना हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि हळूच म्हणाली, सर, नाव आणि वय तेवढं बदला, बाकी सगळं बरोबर आहे.
बदललं.