सर्वरच्या पंगतीत वाढपी मी

१२ नोव्हेंबर, बुधवार
आजपासून सर्वर माझ्या हवाली. चौथी शिकलेली बाई अन् सर्वर! सासूबाई असत्या तर पाहतच राह्यल्या असत्या.

सर्वर म्हणजे नातीच्या, अर्पिताच्या, खोलीतला काळा डब्बा. त्यात तिनं केलेले चार प्रोग्राम चालतात. राजकुमार शेठच्या जिनिंगवर कापूस नेणाऱ्याले घरबसल्या मोबाइलवर रांगेतला नंबर भेटते, भाव समजते. सोमवारपासून शेठ आठ दिवस वापरून पाहणार. जमलं तर काम अर्पिताले, अन् पोरगी बाभुळगावातच. नाही जमलं तर पुण्याची नोकरी. जमतेच. मी शेजारी सांगूनही आली.

ती दिवसभर जिनिंगवर राहीन, म्हणून सर्वरवर नजर ठेवायचं तिचंच पान माझ्या फोनवर टाकून दिलं. कोणत्या प्रोग्रामले किती मेमरी खायची मुभा ते दिसते. बाजूले अधिकचं बटन, उण्याचं बटन. म्हणे, आजी, लाल दिसलं तर मले फोन कर, बटनाले हात लावू नको. म्हटलं, बाई, मी कायले लावू?

१३ नोव्हेंबर, दुपारी
'भाव' नावाचा प्रोग्राम लाल झाला. अर्पिताले फोन केला. म्हणे, होऊ दे. त्याले अर्ध्या जीबीचीच मुभा आहे, तेवढं खाल्लं की सिस्टिम त्याले बंद करते, मग तो नव्यानं सुरू होते. मी मुद्दामच ठेवलं तसं.

मुद्दाम! आपल्या घरी पानावर आडवा हात धरणाऱ्यालेही बोटाच्या फटीतून पुरणपोळी वाढतात. अन् हे बिचारं मागून राह्यलं तर त्याले बंद?

एकदाच दाबलं. एक जीबी. लगेच हिरवं झालं. पुन्हा दाबणार नाही.

१५ नोव्हेंबर
'भाव' पुन्हा लाल. दोन जीबी केले. मग 'नंबर'कडे पाहून मन लागेना. एकाच पंगतीत एकाले तूप अन् दुसऱ्याले कोरडी भाकर, हे माझ्याच्यानं होत नाही. चौघांलेही चार-चार केले. सगळे हिरवेगार. पोरीनं पाहिलं तर खुश होईन. सांगणार होती, पण वांगी फोडणीले टाकायची होती.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी
आज शेठच्या आठ दिवसांतला पहिलाच दिवस.

जिनिंगपुढे गाड्यांची रांग फाट्यापर्यंत. कोणाले नंबरच भेटेना. नेरचा एक म्हातारा म्हणे, पोरी, तुह्या मोबाइलपेक्षा आमची कागदाची चिठ्ठी बरी होती. लोक हासले. शेठनं चिठ्ठ्यांचं जुनं पुस्तक मागवलं, ते जास्त वाईट.

अर्पिता चहाही न घेता डब्ब्यापुढे बसली. आमचे हे म्हणाले, लाइन गेली असंल. मी म्हटलं, हो ना, व्होल्टेज कमीच होतं.

पंखा गरगर फिरून राह्यला होता. त्याच्याकडे मी पाहिलंच नाही.

१८ नोव्हेंबर
सकाळी अर्पितानं आमच्या ह्यांले समजावलं, मी आडून ऐकलं. डब्ब्यात सगळे मिळून आठच जीबी. चौघांनी ओढलं अन् ते संपले, की सिस्टिम स्वतः जिवंत राहायले त्या घटकेले सगळ्यात जास्त खाणाऱ्याले बंद करते. काल गर्दीनं 'नंबर' जास्त खाऊन राह्यला होता. त्यालेच बंद केलं.

म्हणजे भरल्या पानावरून उठवलं! माझ्या लग्नापासून आजवर या घरात कोणाले पानावरून उठवलं नाही.

अन् 'भाव'ले भूक नव्हतीच. घेतलेली मेमरी तो परत देत नाही, नुसती धरून ठेवते. आमच्या नणंदबाई लग्नात लाडू पदरात बांधत, तसा. ते मले ओळखू यायले पाहिजे होतं.

जेवण झाल्यावर सांगीन.

जेवण झालं. ती दमली होती. उद्या.

१९ नोव्हेंबर
जिनं चूक केली तिनंच निस्तरायची. कोणाले न सांगता उण्याचं बटन दाबलं. चौघांलेही अर्धा-अर्धा. म्हटलं, जास्त खाल्लं, आता एक दिवस उपास. आपल्यालेही बरं वाटते.

चौघेही लाल. सुरू होतात, बंद होतात, सुरू होतात, बंद होतात. भाजीतलं मीठ विसरली.

२० नोव्हेंबर
अर्पिता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणे, आजी, मले एक सांग, तुह्या फोनवरून काही झालं का? मी म्हटलं, बोट लागलं असंल. म्हणे, इतक्या वेळा? मग मी रडलीच.

चिडली असती तर बरं झालं असतं. ती शेठले सांगून आली, चूक माझीच, बटनं मी उघडी ठेवली. माझं नावही घेतलं नाही. शेठ म्हणाले, यंदा चिठ्ठीच चालवू, पुढच्या वर्षी पाहू.

हे मले म्हणाले, वच्छला, व्होल्टेज आता कसं आहे?

आता कोणाले आग्रह म्हणून करायचा नाही. ठरलं.

३० नोव्हेंबर, रविवार
पुण्याची गाडी आज. काळ्या डब्ब्यावर मी धुतलेला टॉवेल टाकला, धूळ नको बसायले.

अर्पिता म्हणे, आजी, बॅगेत जागा नाही, खाण्याचा एकच डब्बा दे. एकच दिला. मग चिवडा, तो काही वजनाचा नसते. मग तुरीची डाळ, पुण्यात आपल्यासारखी भेटत नाही. लाडू. ती वेणी घालून राह्यली होती तेव्हा लोणच्याची बरणी, कपड्यांच्या मधात, ओळखूही येत नव्हती.

स्टँडवर बॅग उचलली अन् चेन फाटली. कपडे, डाळ, सगळं फलाटावर. कंडक्टर घंटी मारून राह्यला. अर्पितानं भराभर भरलं, सुतळीनं बांधलं, तरी तोंड मिटेना. तिनं मग आत पाहिलं, सगळ्यात मोठं काय ते काढलं, अन् माझ्या हाती दिलं.

बरणी पोटाशी धरून घरी आली. चेनच हलकी होती.