जिऱ्याएवढी पिल्लं

श्रीरामपूर, गुरुवार, ऑगस्ट १९७३

हे मत्स्यखात्यात. आज माशांची पिल्लं सोडायला तळ्यावर गेले, मीही गेले. पिल्लांचा डबा पाण्यात नेला, पण ओतला नाही; नुसता तरंगत ठेवला. नव्या पाण्याची सवय होऊ दे म्हणाले, घाई केली की मरतात. मग कलता केला, आणि जिऱ्याएवढी ती पिल्लं आपणहून बाहेर निघाली! एवढ्याशा अंगात जोर येतो कुठून?

माझा हात तर केसांपर्यंत जात नाही. स्नायूंनाच सूज आहे, डॉक्टर म्हणतात. रोज सासूबाई हाका मारून मारून वेणीला बसवतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

समुद्रात कसं असतं, मी विचारलं. हे रत्नागिरीला शिकून आलेत. म्हणाले, "तिथं तर बारक्या पिल्लांना प्रवाहापुढं जोरच नसतो. अंगात बळ येईस्तोवर समुद्रच त्यांना वाहून नेतो."

एवढा थोरला समुद्र, आणि जिऱ्याएवढ्या जिवाला वाहून नेतो! त्या पिल्लाला कुठे लाज वाटते?

घरी आले, फणी घेतली आणि सासूबाईंपुढे जाऊन बसले.

"आज आपनहून बसलीस व्हय?" म्हणाल्या. फणी केसांत थोडा वेळ तशीच थांबली.