राखणदाराच्या पेल्यात बर्फ

मांद्रे, पेडणे
मंगळवार

तीर्थरूप गोकुळदासमामांच्या पायांशी संजनाचा नमस्कार.

राखणदाराच्या पेल्यात बर्फ घालायचा असतो की नाही? हा प्रश्न मला गेल्या महिन्यात आमच्या हॉटेलच्या मिटिंगमध्ये विचारला गेला, आणि मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही. समाजशास्त्राच्या तीन वर्षांत (प्रथम श्रेणी, प्रमाणपत्र आईने नार्व्याच्या घरी देवांच्या फोटोंच्या रांगेत लावले आहे, त्यालाही गुरुवारी फूल मिळते) हा भाग अभ्यासाला नव्हता.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? लाटंबार्शाला काजूच्या बागेतले रान कापायला यंदा माणसे मिळाली की तुम्हीच कोयता घेऊन उतरलात? मी बरी आहे, म्हणजे जेवतेखाते. फोन करत नाही याचे कारण एवढेच की तुम्ही उचलल्या उचलल्या 'जेवलंस काय गो?' असे विचारता, आणि त्यानंतर मला वाईट बातमी सांगता येत नाही. कागद जेवणाचे विचारत नाही.

बातमी तुमच्या बाटलीची आहे. पण ती नीट सांगायची तर मिटिंगपासून सांगायला हवी.

ऑक्टोबरच्या शेवटी परदेशात भुतांचा सण असतो. लोक सांगाडे टांगतात, तोंडे रंगवतात आणि पितात. तो आपल्याकडेही आता किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉटेलांत होतो. आमच्या परेश सरांनी फर्मान काढले की यंदा पेयेसुद्धा भुतांची हवीत. परेश सर इथलेच, पेडण्याचेच, घरी मंगळवार-शनिवार पाळणारे. योगेश म्हणून आमचा बारमन आहे, दोडामार्गचा, भला मुलगा. त्याने कोकमाच्या आगळाचे रक्त केले, लिचीत काळे द्राक्ष खोचून डोळे केले, रबरी हातमोज्यात पाणी गोठवून मेलेला हात केला (मोजा सोलताना एक करंगळी आतच राहिली, ती नंतर एका पाहुण्याच्या दातांत सापडली आणि त्याने ती मुद्दाम ठेवली आहे असे समजून कौतुक केले). सर म्हणाले, हे सगळे बाहेरचे झाले, आपले लोकल भूत कुठे आहे? कोणीतरी राखणदाराचे नाव घेतले.

तिथे मी उठले, मामा. मला उठायला नको होते. मी सांगितले की राखणदार हे भूत नव्हे. तो सीमेवरचा देव आहे, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा आणि पेटती चूड घेऊन गावाभोवती फिरतो, चुकलेल्याला वाटेला लावतो. लोक त्याला रोट देतात, विडी देतात, पेलाभर फेणी देतात, ती भीतीने नव्हे, आपल्या माणसाला द्यावी तशी. मी दहा मिनिटे बोलले. इतके चांगले मी तोंडी परीक्षेतही बोलले नव्हते. परेश सर भराभरा लिहून घेत होते आणि मला वाटले, चला, शिक्षणाचा कुठेतरी उपयोग होतोय. मग त्यांनी कागद योगेशकडे सरकवला. त्यावर होते: फेणी, धूर, रोटाऐवजी काडीला टोचलेला पोय पावाचा तुकडा, पेल्याच्या कडेला विडी, वेटरांना घोंगड्या. माझे बचावाचे भाषण म्हणजे त्या पेयाची कृती झाली. वर मला विचारले, बर्फ घालायचा ना?

मी तेव्हाच नाही म्हणायला हवे होते. पण माझी एक वाईट सवय तुम्हांला ठाऊक आहे, वाईट गोष्ट होणारच असेल तर ती निदान नीट व्हावी असे मला वाटते. मी ठरवले की फेणी दुकानातली नको, खरी हवी. आधी पेलाभर त्या जागेच्या राखणदाराला माडांत ठेवू, गाऱ्हाणे घालू, पाहुण्यांना दोन शब्द समजावू. मी दोन पानी टिपण लिहिले. (सरांनी त्याची एक ओळ केली: 'लोकल भूत. चवीला धुरकट.')

आणि मी तुमच्याकडे आले. तुम्हांला म्हणाले की आमच्या हॉटेलच्या जागेच्या राखणदाराला द्यायचे आहे. हे खोटे नव्हते. पंचवीस लोकांना पाजायचे आहे हे मात्र मी बोलले नाही. तुम्ही विचारलेही नाहीत. शंभूकाका आले असते मागायला तर तुम्ही दहा प्रश्न विचारले असते, पण मी शिकलेली. तुम्ही फळीवरून यंदाच्या पहिल्या धारेची ती एकच बाटली काढलीत, मोसमाच्या सुरुवातीला लाख लावून ठेवलेली, आणि म्हणालात, 'पेलाभर ओत आणि उरलली फुडच्या आयताराच्या आधी परत हाडून दी, लाख मी परत लावतंय. सीमेर तीच व्हयी.' मामी मागून म्हणाल्या, 'शिकलला पोर असा, मान ठेवता बघा.' मला तेव्हा चहाच्या पेल्यात बघत बसावे लागले.

पार्टी शुक्रवारी झाली. तिन्हीसांजेला मी केळीच्या पानावर पेला मांडून माडांत ठेवायला गेले तर परेश सर तिथे आधीच होते. चपला काढून उभे होते आणि नारळाच्या करवंटीत काहीतरी ओतत होते. (त्यात बर्फ होता की नाही हे काळोखामुळे दिसले नाही, नाहीतर एक प्रश्न तरी सुटला असता.) मला पाहून म्हणाले, 'कोणाक सांगू नको हां. आमच्या घरची रीत.' आणि आत जाऊन माझ्या हातात काळे कापड दिले. म्हणाले, हे डोक्यावरून घे आणि मंत्रासारखे काहीतरी म्हण.

मंत्र मला येत नाहीत. तुमच्या पडवीवर बसून ऐकलेले गाऱ्हाणे येते. मी तेच सुरू केले, खरे, पहिल्या शब्दापासून: हे राखणदारा म्हाराजा, आज ह्या जाग्यार तुझी लेकरां जमली हत. पाहुण्यांचे फोन वर झाले. आणि माझ्या मागून, मोरीच्या दारातून, भांडी घासणाऱ्या जानकीबाईंचा आवाज आला, 'व्हय म्हाराजा.' योगेशने हातातली बाटली खाली ठेवून हात जोडले. तोही म्हणाला. मला वाटले, झाले, आता हे देवाचे झाले. तेवढ्यात पाहुण्यांना ते दोन शब्द सापडले. पुढच्या प्रत्येक घोटाला सगळे 'व्हय म्हाराजा' ओरडायला लागले. तुमची बाटली दोन आरोळ्यांत संपली. माडांत ठेवायचा राहिलेला पानावरचा पेला आत आणून मी बाजूला ठेवला होता, तो पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेल्या एका गृहस्थांनी घेतला आणि विडीला काडी मागितली. योगेशने मोठ्या अदबीने सांगितले की काडी नाही. एवढाच काय तो आमचा प्रतिकार.

नंतर मोरीत जानकीबाई काळे झालेले पेले घासत होत्या (धुरकटपणासाठी कोळशाची पूड वापरली होती, पंचवीस लोकांचे दात काळे झाले होते, माझ्या आयुष्यातला तो एकच न्याय). त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'गाराणा घातलंस ता बरा. पण मागलंस काय?' मला आठवेना. खरेच मी काही मागितलेच नव्हते. सुरुवात केली, लोक ओरडायला लागले आणि मी काळ्या कापडात तशीच उभी राहिले. म्हटले, 'काही नाही.' त्या म्हणाल्या, 'मगे त्येका कशाक उठवलंस?'

परेश सर खूश आहेत. पाहुण्यांनी लेखी अभिप्राय दिले, त्यांत माझा उल्लेख 'ती चेटकीण' असा आहे. एकतीस डिसेंबरला हेच पुन्हा करायचे आहे आणि मला 'परंपरा अधिकारी' असे पद देण्याचा विचार चालू आहे. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि पहिली अधिकृत चेटकीण.

बाटली रिकामी आहे, मामा. येत्या रविवारी सीमेवर राखणदाराला पहिल्या धारेची बाटली ठेवायचा मान तुमच्या घराचा आहे, आणि ती ठेवली नाही तर तो शंभूकाकांच्या घराकडे जातो हे मला लहानपणापासून माहीत आहे. गेल्या वर्षी त्यांनी लाख नखाने खरवडून बघितली होती तेव्हा मी तिथेच होते. हे सगळे माहीत असून मी बाटली नेली. बाकी या पत्रात जे हसण्यासारखे आहे ते तुम्ही एवढ्यापर्यंत वाचावे म्हणून लिहिले.

मामींना नमस्कार.

तुमची
संजना

ता. क. खरे तर एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. तुमच्याकडे दुसऱ्या धारेची फेणी असेलच. तशाच बाटलीत भरून लाख लावलीत तर कोणाला कळणार नाही. शंभूकाकांना वासाने फरक कळत नाही, ते नुसते लाखेकडे बघतात. कोणी विचारलेच तर संजनाने बघितली, पहिल्या धारेचीच आहे, असे माझे नाव सांगा. माझ्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही. आईला काही कळू देऊ नका.

ता. क. २. वरचा मजकूर काल लिहिला. खोडला नाही, कारण माझ्या शब्दावर शंका का घ्यायला हवी हे तुमच्याकडे लेखी असावे. नोकरी सोडलेली नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्याची मला वेगळी लाज वाटते. आज सकाळी आईला फोन करून सगळे सांगितले. मग शंभूकाकांना केला. बाटली मी नेली, काय सांगून नेली, कोणी प्यायली, आणि तुम्हांला यातले काही ठाऊक नव्हते, हे सगळे सांगितले. रविवारी सीमेवर मीच येऊन चारचौघांत सांगेन, असेही म्हणाले.  त्यांनी विचारले, 'गोकुळदासाक म्हायत आसा?' मी म्हटले, योगेश आज घरी चालला आहे, वाटेत पत्र देईल, संध्याकाळपर्यंत कळेल.